विमानात खिडकी कोणती घ्यायची: बाजू आधी, रांग नंतर

तिकीट काढताना बहुतेक जण नकाशावर खिडकीची पहिली रिकामी सीट दिसली की तीच घेऊन टाकतात. मग निम्मा प्रवास पंखाचा पत्रा बघण्यात जातो, उरलेल्या वेळी डोळ्यांवर ऊन येतं, आणि ज्या शिखरासाठी कॅमेरा सोबत घेतलेला असतो ते पलीकडच्या बाजूने निघून जातं. यात नशिबाचा वाटा फक्त ढगांचा. बाकीचं घरबसल्या अर्ध्या तासात ठरवता येतं.

ठरवायचं चार गोष्टींचं, आणि याच क्रमाने: बाजू कोणती, ऊन कुठून, रांग कितवी, आणि त्या रांगेला खरोखर खिडकी आहे का. नवखे लोक सुरुवात रांगेपासून करतात, कारण सीटचा नकाशा उघडला की रांगाच दिसतात. पण चुकीच्या बाजूची उत्तम रांग काही कामाची नाही. बरोबर बाजूची बेताची रांग मात्र बरंच काही दाखवते.

अक्षरं आणि दिशा

विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलात की डाव्या खिडकीची सीट ‘ए’. हे जवळपास सगळीकडे सारखं. उजव्या खिडकीचं अक्षर मात्र विमानाच्या रुंदीप्रमाणे बदलतं. तीन-तीन सीटांच्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये ते ‘एफ’ असतं. दोन-दोन सीटांच्या छोट्या विमानांत कुठे ‘डी’, कुठे ‘एफ’. सीटांमधून चालायच्या दोन वाटा (आयल) असलेल्या मोठ्या विमानांत बहुधा ‘के’, क्वचित ‘जे’ किंवा ‘एल’. ‘आय’ हे अक्षर सहसा वगळतात, कारण ते १ सारखं दिसतं. थोडक्यात, उजवीकडचं शेवटचं अक्षर म्हणजे उजवी खिडकी.

आता दिशा. पूर्वेला जाताना डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. पश्चिमेला जाताना याच्या उलट. उत्तरेला जाताना डावीकडे पश्चिम आणि उजवीकडे पूर्व, दक्षिणेला जाताना डावीकडे पूर्व. पाठ करायची गरज नाही. कागदावर बाण काढा, बाणाच्या टोकाकडे तोंड करा आणि हात पसरा.

दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालयाची रांग उत्तरेला असते, म्हणून डावी बाजू. परतताना उजवी. काठमांडूहून भूतानमधल्या पारोला जातानाही डावी, एव्हरेस्ट त्याच बाजूला येतं. टोकियोहून ओसाकाकडे निघालेल्या विमानातून फुजी पर्वत साधारणपणे उजवीकडे दिसतो. जाण्या-येण्याची सीट एकदमच काढताना दोन्ही वेळा ‘ए’ घेऊन टाकणं ही सर्रास होणारी चूक. परतीच्या वेळी बाजू उलटते हे लिहून ठेवा.

मार्ग कुठून जातो ते बघा, नकाशावर रेघ मारू नका

सपाट नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टीने रेघ ओढली तर लांबच्या प्रवासात हमखास फसगत होते. गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट कागदावर वाकलेला दिसतो. उत्तर गोलार्धात तो उत्तरेकडे फुगतो. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघितलात तर लगेच लक्षात येईल. त्यातही विमानं त्या दोऱ्यावरून जातातच असं नाही. वारा, वादळं, बंद हवाईहद्दी यांमुळे मार्ग सरकतो. २०२२ पासून बऱ्याच विमान कंपन्या रशियावरून उडत नाहीत. त्यामुळे युरोप आणि जपानमधली कित्येक उड्डाणं सैबेरियाऐवजी मध्य आशियावरून किंवा अलास्का-ग्रीनलंडच्या बाजूने फिरून जातात. जुन्या प्रवासवर्णनातला ‘डावीकडे बसा’ हा सल्ला अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

म्हणून सरळ फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर ही विमानांचे मार्ग दाखवणारी संकेतस्थळं उघडा, आपला फ्लाइट नंबर टाका आणि मागच्या काही दिवसांचे प्रत्यक्ष मार्ग बघा. एकच दिवस बघू नका, चार-पाच दिवस बघा. सगळ्या रेघा एकावर एक बसत असतील तर निर्धास्त राहा. त्या पसरलेल्या असतील तर जे बघायचंय ते सगळ्या रेघांच्या एकाच बाजूला येतं का, एवढं तपासा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विमानाच्या अगदी खालचं काहीच दिसत नाही. खिडकी बाजूला असते, जमिनीत नसते. ११ किलोमीटर उंचीवरून ४५ अंश खाली बघितलं तर नजर मार्गापासून ११ किलोमीटर अंतरावर पडते. त्याहून जवळचं बघायला कपाळ काचेला चिकटवावं लागतं, आणि आठ-दहा किलोमीटरच्या आतलं जवळजवळ सुटतंच. म्हणजे एखादं सरोवर नेमकं मार्गाखाली येत असेल तर ते दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना नीट दिसणार नाही. १५ ते ६० किलोमीटर बाजूला असलेली गोष्ट सर्वांत छान दिसते. उंच शिखरं याहून कितीतरी लांबून दिसतात. ११ किलोमीटरवरून क्षितिजच सुमारे ३७५ किलोमीटर लांब असतं, अट फक्त हवा स्वच्छ असण्याची.

वेळेचाही हिशोब करून ठेवा. विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं, म्हणजे मिनिटाला १४-१५ किलोमीटर. तीस किलोमीटर बाजूला असलेला डोंगर तिरक्या नजरेने पुढे दिसायला लागल्यापासून तिरका मागे जाईपर्यंत जेमतेम चार मिनिटं मिळतात. मागच्या उड्डाणाच्या मार्गावर बोट ठेवून ‘उड्डाणानंतर ५२ ते ५६ मिनिटं’ असं टिपून ठेवलंत तर त्या वेळी झोपलेले किंवा जेवणाचा ट्रे सांभाळत बसलेले नसाल.

उतरतानाचा भाग सर्वांत मोलाचा

शहर, नदी, किनारा, पूल बघायचे असतील तर खरी मजा शेवटच्या पंधरा मिनिटांत असते. ३५,००० फुटांवरून विमान दर हजार फुटांना साधारण तीन नॉटिकल मैल (सुमारे साडेपाच किलोमीटर) या हिशोबाने उतरतं. म्हणजे उतरणं सुरू होतं सुमारे १९५ किलोमीटर आधी, जमिनीला टेकायच्या पंचवीस-तीस मिनिटं अगोदर. शेवटचा सरळ टप्पा तीन अंशांच्या उताराचा असतो, त्यामुळे धावपट्टीपासून १० किलोमीटरवर उंची फक्त ५२० मीटरच्या आसपास राहते. तिथून रस्त्यावरच्या गाड्या मोजता येतात.

पण कोणत्या बाजूला काय येणार हे विमान कोणत्या दिशेने उतरतं यावर ठरतं, आणि दिशा ठरवतो वारा. विमानं शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरतात. धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. तीच पट्टी दुसऱ्या टोकाने ०९. एल, आर, सी (डावी, उजवी, मधली) ही अक्षरं समांतर पट्ट्या ओळखण्यासाठी.

हवामानाच्या ‘मेटार’ अहवालात २७०१२केटी असं लिहिलेलं असेल तर वारा २७० अंशांकडून, १२ नॉट वेगाने येतोय. मग उतरणारी विमानं पश्चिमेकडे तोंड करून २७ नंबरच्या पट्टीवर येतील. पुढच्या दिवसभराचा अंदाज ‘टाफ’ नावाच्या अहवालात असतो. सीट निवडण्यापुरतं त्यातलं वाऱ्याचं कलम वाचलंत तरी भागतं. वारा अगदी मंद असेल तर मात्र यावर फार विसंबू नका, तेव्हा पट्टी सोयीने निवडली जाते.

लंडनच्या हीथ्रोवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो, म्हणून विमानं पूर्वेकडून शहरावरून येतात आणि थेम्स नदी, मध्य लंडन उजवीकडच्या खिडकीत येतं. वारा पूर्वेकडून असला की विमान पश्चिमेकडून, विंडसरच्या बाजूने येतं आणि तो सगळा देखावा गेला. सिडनीला उत्तरेकडून उतरताना हार्बर ब्रिज आणि ऑपेरा हाउस डावीकडे येतात. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर पोटोमॅक नदीच्या कडेने दक्षिणेकडे उतरलात तर स्मारकं डावीकडे. या तिन्ही ठिकाणी वारा फिरला की सल्ला फिरतो, म्हणून ‘अमुक शहराला अमुक बाजू’ असली यादी पाठ करण्यापेक्षा वाऱ्याची दिशा बघायची सवय लावलेली बरी.

वळणंही बघून ठेवा. वळताना विमान २५-३० अंश कलतं. आतल्या बाजूच्या खिडकीत जमीन जवळजवळ समोर येऊन उभी राहते, बाहेरच्या बाजूला नुसतं आकाश. मागच्या दिवसांच्या मार्गात शेवटची मोठी वळणं डावीकडे असतील तर उतरताना डावी बाजू फायद्याची.

ऊन

बाजू ठरली की सूर्य कुठे असेल ते बघा. सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, हे उघड आहे. भर दुपारी उत्तर गोलार्धात तो बहुधा दक्षिणेकडे झुकलेला असतो, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. उष्ण कटिबंधात उन्हाळ्यात डोक्यावर, तेव्हा बाजूने फारसा फरक पडत नाही.

जमीन नीट बघायची असेल, फोटो काढायचे असतील, तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसा. कारण फक्त डोळे दिपण्याचं नाही. हवेतली धूळ आणि धुकं सूर्याच्या दिशेने बघताना पांढरं फटक दिसतं, त्याच हवेतून सूर्याकडे पाठ करून बघितलं तर रंग आणि रेषा उठून दिसतात. खिडकीवरचे ओरखडेही ऊन थेट पडलं की एकेक चमकतात. सकाळी उत्तरेला जाणाऱ्या विमानात ‘ए’, संध्याकाळी त्याच विमानात उजवी खिडकी, असा साधा हिशोब.

सूर्याच्या बाजूलाही काही गोष्टी मिळतात, त्या दुसरीकडे मिळत नाहीत. नद्या, तळी, पाणी भरलेली शेतं यांच्यावरून चमक पळत जाते आणि एरवी न दिसणारा पाण्याचा एकेक धागा क्षणभर पेटल्यासारखा दिसतो. सूर्यास्त बघायचा तर अर्थातच पश्चिमेची खिडकी. पण सूर्यास्ताच्या वेळी पूर्वेच्या खिडकीतही बघण्यासारखं असतं: क्षितिजावर राखी-निळा पट्टा चढत येतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली.

आणि ‘ग्लोरी’ बघायची असेल तर सावलीचीच बाजू हवी. खाली सपाट ढग असले की त्यांच्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडी दिसतात, आत निळसर, बाहेर लालसर. ढगातल्या बारीक थेंबांवरून प्रकाश उलटा फिरून आल्याने ती तयार होतात. विमान ढगाच्या जवळ असताना नीट बघा: कड्यांचा मध्य सावलीतल्या ज्या जागेवर असतो ती तुमची जागा. पंखाच्या मागे बसला असाल तर मध्यही सावलीतल्या पंखाच्या मागेच येतो. मागच्या रांगेतल्या माणसाला त्याची स्वतःची कडी त्याच्या जागेवर दिसतात. विमान वर गेलं की सावली विरून जाते, कडी मात्र राहतात.

देखाव्याची बाजू आणि उन्हाची बाजू एकच आली तर? डोंगर किंवा शहर बघायचं असेल तर ऊन सोसून देखाव्याची बाजू घ्या. नुसता प्रदेश बघायचा असेल, ठरावीक काही नसेल, तर सावली घ्या. वेळ निवडायची मुभा असेल तर सकाळची उड्डाणं डोंगरांसाठी चांगली. दिवस तापला की शिखरांवर ढग जमायला लागतात.

रांग: पंखापासून किती लांब

आता कुठे रांगेची पाळी. पंखावरच्या सीटवरून खालची जमीन झाकली जाते, वरचं आकाश आणि लांबचं क्षितिज दिसतं. ए३२० सारख्या तीस रांगांच्या विमानात पंख साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून एकोणीस-विसाव्यापर्यंत आड येतो. आपत्कालीन दरवाजे पंखावरच असतात, त्यामुळे पाय पसरायला ऐसपैस वाटणारी ती रांग देखाव्यासाठी सर्वांत वाईट. रांगांचे आकडे कंपनीगणिक बदलतात, बऱ्याच ठिकाणी १३ नंबरच नसतो, बिझनेस क्लास असला तर मोजणी वेगळी होते. म्हणून आकडा पाठ करू नका, सीटच्या नकाशावर पंखाची खूण कुठे आहे ते बघा.

पंखाच्या पुढे की मागे? फोटो काढणाऱ्यांनी पुढे बसावं. मागे बसलं की पंखाखालच्या इंजिनातून निघणारी तापलेली हवा जमीन आणि तुमच्यामध्ये येते. तिच्यातून बघितलेलं सगळं थरथरतं आणि फोटोत मऊ पडतं. डोळ्यांना ते जाणवत नाही, झूम केलं की लगेच कळतं. पुढे बसतानाही पंखाला अगदी लागून नको, इंजिनाचं तोंड मागच्या-खालच्या कोपऱ्यात घुसतं. पंख सुरू होण्याच्या तीन-चार रांगा आधी बसा.

तरी पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्याला पंखाच्या जरा मागची रांग आवडण्याची शक्यता जास्त. उतरताना पंखाच्या मागच्या कडेने फ्लॅप नावाचे रुंद पत्रे बाहेर सरकतात, खाली झुकतात, आणि चाकं टेकताक्षणी पंखावरच्या पट्ट्या ताडकन उभ्या राहतात, त्या स्पॉयलर. विमान हवेत कसं राहतं आणि थांबतं कसं याचं इतकं जवळून प्रात्यक्षिक दुसरीकडे मिळत नाही. पंखाचं टोक चौकटीत आलं की फोटोलाही प्रमाण येतं, नाहीतर नुसते ढग कशाचेही वाटतात.

मोठ्या विमानांत पंख फारच लांब-रुंद असतो आणि इकॉनॉमीच्या बऱ्याच रांगा त्याच्यावर येतात. तिथे बहुधा शेवटच्या भागातच मोकळी खिडकी मिळते. दुमजली ए३८० मध्ये वरच्या मजल्याची हौस असते, पण तिथे सीट आणि खिडकी यांच्यामध्ये सामानाचा कप्पा येतो आणि भिंतही आत झुकलेली असते. बाहेर बघायचं तर खालचा मजला बरा. बोइंग ७८७ च्या खिडक्या उंच असतात, सुमारे ४७ सेंटिमीटर. मधल्या सीटवरूनही क्षितिज दिसतं. पण तिथे झाकण नसतं, बटणाने काच निळी-गडद होते, आणि कर्मचारी सगळ्या खिडक्या एकदम गडद करून ठेवू शकतात. दिवसाच्या लांब उड्डाणात त्याची तयारी ठेवा.

छोट्या विमानांचा न्याय वेगळा. एटीआर किंवा डॅश ८ मध्ये पंख छतावर असतो, त्यामुळे जवळपास प्रत्येक खिडकीतून जमीन मोकळी दिसते आणि उडणंही कमी उंचीवरून असतं. देखाव्यासाठी याहून चांगली प्रवासी विमानं विरळा. इंजिनावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) रेषेत येणाऱ्या रांगा टाळा: तिथे आवाज आणि थरथर जास्त, शिवाय मोबाइलच्या कॅमेऱ्यात पंख्याची पाती वाकडीतिकडी, तुटलेली उमटतात. डॅश ८ ची मुख्य चाकं इंजिनाखालून बाहेर येतात. मधल्या रांगांमधून ती उघडताना आणि जमिनीला टेकताना समोर दिसतात. शेपटीजवळ इंजिनं असलेल्या जेटमध्ये मात्र मागच्या रांगांना खिडकीबाहेर इंजिनच दिसतं, तिथे पुढचा भागच घ्यावा.

खिडकीच्या सीटला खिडकी आहे का

हा प्रश्न विनोदी वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे. विमानाच्या खिडक्या सांगाड्याच्या कड्यांच्या मधल्या जागेत बसवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं अंतर कारखान्यात कायमचं ठरतं: ७३७ मध्ये सुमारे ५१ सेंटिमीटर, ए३२० मध्ये ५३. सीटा मात्र कंपनी हवी तितक्या अंतरावर लावते, ७१ ते ८१ सेंटिमीटरच्या दरम्यान. दोन्हींचा मेळ बसायचं काही कारणच नाही.

सीटा ७६ सेंटिमीटरवर आणि खिडक्या ५१ वर असतील तर दोन रांगांच्या लांबीत तीन खिडक्या येतात. एका रांगेला खांद्यापुढे अख्खी खिडकी, पुढच्या रांगेला खांद्याशी भिंत आणि थोडं पुढे एक, थोडं मागे एक. हे असं एकाआड एक चालत राहतं. म्हणून एखाद्या रांगेची खिडकी वाईट निघाली तर लगतच्या रांगेची चांगली असण्याची शक्यता बरीच असते.

काही ठिकाणी खिडकीच गायब असते. ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे, मुख्यतः डावीकडे, वातानुकूलनाच्या नळ्या पोटातून भिंतीच्या आतून छताकडे जातात. तिथे खिडकीची जागा नुसती प्लास्टिकने झाकलेली असते. दरवाज्यांच्या आसपास आणि अगदी शेवटच्या रांगेतही हे होतं. ‘एरोलोपा’ नावाच्या संकेतस्थळावर कंपनीनिहाय सीटचे नकाशे आहेत आणि त्यात खिडक्याही मोजमापाने काढलेल्या आहेत. तिथे आपलं विमान शोधा आणि सीटच्या पाठीपेक्षा थोडी पुढे खिडकी असलेली रांग निवडा. बसल्यावर डोळे पाठीच्या पुढेच असतात, त्यामुळे मागे सरकलेली खिडकी असून नसल्यासारखी.

सीट घेताना

वर ठरवलेलं लगेच लिहून ठेवा, पर्यायांसह: ‘डावी, पंखापुढे, ५ किंवा ७, नाही मिळाली तर डावी, मागे २४ नंतर’. सीटसाठी वेगळे पैसे भरायचे नसतील तर वेब चेक-इन उघडण्याच्या मिनिटाला बसा. ते बहुधा उड्डाणाच्या २४ किंवा ४८ तास आधी उघडतं. आधी अडवून ठेवलेल्या काही सीटा त्याच वेळी मोकळ्या होतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी आरक्षण पुन्हा उघडून विमानाचा प्रकार तपासा. कंपनी विमान बदलते तेव्हा सीटचा आकडा तोच राहतो, पण त्या आकड्याला आता पंख किंवा भिंत येते. सीट बदलली गेली आणि वेबवर काही करता येत नसेल, तर विमानतळावर काउंटरवर विचारा, आणि विचारताना नेमकं सांगा: ‘उजवीकडची, पंखाच्या मागची खिडकी मिळेल का?’ नुसतं ‘विंडो’ म्हटलं की जी हाताशी असेल ती मिळते. दार बंद झाल्यावर बाजूची रांग रिकामी दिसली तर आधी कर्मचाऱ्यांना विचारून मगच हला; छोट्या विमानांत वजनाचा तोल बघावा लागतो.

बसल्यावर

खिडकीचा आतला थर कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या. आधीच्या प्रवाशाच्या कपाळाचा तेलकट डाग प्रत्येक फोटोत येतो. आपण काच म्हणत असलो तरी ती ॲक्रिलिकची असते, तीन थरांची. बाहेरचा थर हवेचा दाब पेलतो, मधला त्याचा राखीव, आतला फक्त ओरखड्यांपासून वाचवणारा. मधल्या थराला खाली एक बारीक छिद्र असतं, दाब सारखा ठेवायला आणि ओल निघून जायला. वर गेल्यावर त्याच्याभोवती बर्फाची नक्षी उमटते, कारण बाहेर उणे ५०-५५ अंश असतं. ती आतून पुसली जात नाही, खटाटोप करू नका. तिच्या वरच्या भागातून फोटो काढा.

फोनचा फ्लॅश बंद. लेन्स खिडकीच्या अगदी जवळ धरा पण टेकवू नका, टेकवली की विमानाची थरथर फोटोत उतरते. मधल्या फटीतून आतला उजेड येऊन प्रतिबिंब पडतं, ते गडद रुमालाने किंवा जाकिटाने झाका. पांढरा शर्ट घालून खिडकीशी बसलात तर तुमचंच भूत फोटोत येईल. पोलराइज्ड गॉगल आणि पोलरायझर फिल्टर दोन्ही काढून ठेवा: ताणलेल्या ॲक्रिलिकमधून ते इंद्रधनुष्यी पट्टे दाखवतात, आणि लोक उगाच खिडकीला दोष देतात.

खाली काय आहे ते ओळखायला आधीच ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. एअरप्लेन मोडमध्येही बहुतेक फोनांचं जीपीएस चालतं, कारण ते फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. फोन खिडकीशी धरावा लागतो. उड्डाणापूर्वी, विमान उभं असतानाच एकदा आपली जागा नकाशावर दिसू द्या; हवेत इतक्या वेगाने जाताना पहिल्यांदा जागा सापडायला फार वेळ लागतो. नकाशा उत्तर-वर ठेवा आणि फोनमधलं होकायंत्र विसरा, विमानाच्या धातूत आणि तारांमध्ये ते भरकटतं. नकाशावर पुढे सरकणाऱ्या टिंबाची दिशा खरी.

रात्री वाचायचा दिवा बंद करा, डोकं आणि खिडकी मिळून एकाच चादरीखाली घ्या आणि पाच-दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. समोरच्या सीटवरचा स्क्रीनही मंद करा, प्रतिबिंबाचं खरं मूळ बहुधा तोच असतो. पंखावरचे लुकलुकणारे दिवे नको असतील तर पंखापुढची रांग. युरोपातून उत्तर अमेरिकेला जाताना अंधार असेल तर ध्रुवप्रकाशासाठी उत्तरेची, म्हणजे उजवी खिडकी घ्या. परत येताना डावी. सुरुवातीला तो हिरवा दिसेलच असं नाही. डोळ्यांना राखाडी, हळूहळू हलणारा ढगासारखा पट्टा वाटतो. शंका आली तर कॅमेरा नाइट मोडवर दोन-तीन सेकंद उघडा ठेवा. फोटोत पट्टा हिरवा आला तर तो ढग नाही, आणि शेजाऱ्याला उठवायला हरकत नाही.